पैठणी की कांजीवरम?

लग्नासाठी एकच भारी साडी घ्यायची असेल, तर माझं मत पैठणीला. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून बघा: मोर, मुनिया (पोपट), आसावलीची वेल दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरता हाताने गुंफलेला असतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. भरगच्च पदराला म्हणूनच कित्येक महिने लागतात आणि किंमतही चढते. पदर उलटा बघितल्याशिवाय पैसे मोजू नका!

कांजीवरमचं रेशीम पीळदार, जाड. वेगळ्या रंगाचा काठ मागावरच साडीच्या अंगाशी गुंफतात. त्याला कोरवई म्हणतात. वजन जाणवतं, पण निऱ्या झकास बसतात. दिवाळी-पाडव्याला पुन्हापुन्हा नेसायची असेल, तर हीच घ्या.