आयईएलटीएसचं ॲप, आठ महिने, आणि माझा 'व'

डिसेंबरच्या एका सकाळी नाइट करून घरी आले, चहा टाकला आणि मोबाईल बघितला तर खात्यातून 3,999 रुपये गेलेले. आधी वाटलं फ्रॉड आहे, हातपाय गार पडले. मग नाव बघितलं तर हेच ते आयईएलटीएसचं, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या तयारीचं ॲप. जूनमध्ये सहा महिन्यांचा प्लॅन घेतला होता 3,499 ला, ऑफरमध्ये. सहा महिने संपले आणि त्यांनी न विचारता पुढचे सहा महिने कापून घेतले, तेही 500 रुपये जास्त, कारण ऑफर म्हणे पहिल्या वेळेपुरती होती. ॲपचं नाव घेत नाही, उगाच डोक्याला ताप नको. पण जाहिराती बघत असाल तर ओळखाल.

तर हा रिव्ह्यू रागात लिहायला घेतलेला आहे हे आधीच सांगते. लिहिता लिहिता थोडा शांत झाला आहे.

मी मिरजेत एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, मेल सर्जिकल वॉर्डला. यूकेला जायचंय म्हणून आयईएलटीएसची अ‍ॅकॅडमिक दिली. चार पेपर असतात, लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग, आणि प्रत्येकाला 9 पैकी बँड, म्हणजे गुण, मिळतात. नर्सेसना तिथल्या एनएमसीसाठी, म्हणजे नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीसाठी, लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला 7 लागतात, रायटिंगला 6.5 चालतात आणि ओव्हरऑल 7. हा अर्धा बँड माझ्या गोष्टीतला व्हिलन आहे, लक्षात ठेवा. ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, पण चालते आणि आमच्यातल्या निम्म्या जणी तीच देतात, कारण त्यात निबंधाऐवजी रेफरल लेटर लिहायचं असतं, जे आपलं रोजचंच काम. पण तिची फी तेव्हा तीस हजारांच्या वर होती. आयईएलटीएसची सतरा हजारांच्या वर. माझा पगार हातात येतो एकवीस. त्यामुळे निवड डोक्याने नाही, पाकिटाने केली.

क्लास लावायचा विचार होता. सांगलीत चौकशी केली, वीस-बावीस हजार आणि रोज संध्याकाळी दोन तास. शिफ्ट ड्युटीवाल्या माणसाला रोज संध्याकाळ कुठून आणायची? म्हणून ॲप.

आता चांगलं आधी सांगते. लिसनिंग. ह्याला तोड नाही. माझी सुरुवातीची मॉक, म्हणजे सराव परीक्षा, 40 पैकी 21 होती. आवाज एकदाच ऐकवतात, परत नाही, आणि स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक. पहिल्या भागात फोनवरून कोणीतरी पत्ता सांगत असतं, आडनावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर करून सांगतं, आणि मी 'डबल टी' लिहीपर्यंत तो माणूस पोस्टकोडवर गेलेला असायचा. ॲपमध्ये ह्याचाच वेगळा सराव आहे, नुसते आकडे, तारखा, स्पेलिंग, दहा दहा मिनिटांचे तुकडे, स्पीड वाढवता येतो. सांगली-मिरज सिटी बसमध्ये कानात घालून बसायचे. कंडक्टर ओरडतोय, शेजारच्या मावशींची मेथीची जुडी मांडीवर येतेय, आणि कानात ऑस्ट्रेलियन बाई लायब्ररी कार्डाचे नियम सांगतेय. अशा गोंधळात ऐकायची सवय लागली की परीक्षेच्या शांत हॉलमध्ये हेडफोन लावून ऐकणं म्हणजे चैन वाटते. दोन महिन्यांत 33 वर आले. अनेकवचनाचा 'एस' खायची सवय मात्र गेली नाही, दर मॉकला दोन मार्क त्यालाच. रीडिंगचं काही विशेष नाही, ठीक आहे. 'नॉट गिव्हन' (उताऱ्यात दिलेलंच नाही) आणि 'फॉल्स' (चूक) मधला घोळ माझा अजून तसाच आहे.

आता माझ्या खऱ्या दुखण्यावर येते. स्पीकिंग.

ह्यात तुम्ही बोलायचं, ते तुमचं बोलणं स्क्रीनवर टाइप करतं आणि मग बँड देतं. ऐकायला छान. पहिल्याच दिवशी कामाबद्दल विचारलं, मी आपलं सांगितलं की मी सर्जिकल वॉर्डला आहे, पेशंटला व्हीलचेअरवरून घेऊन जाते, व्हायल उघडून इंजेक्शन भरते. स्क्रीनवर काय आलं? व्हीलचेअरचं त्याने वासराच्या मटणाची खुर्ची केलं. खोटं नाही, इंग्रजीत 'व्ही' पासून सुरू होणारा 'व्हील' म्हणजे वासराचं मटण, मला तेव्हाच कळलं. व्हायलचं 'व्हाइल' केलं, म्हणजे 'जेव्हा'. वाक्य झालं, मी जेव्हा उघडते आणि इंजेक्शन भरते. उच्चाराला 5.

आता गंमत बघा, हे मी तुम्हाला देवनागरीत नीट लिहून पण दाखवू शकत नाही. व्हीलचेअरमधला 'डब्ल्यू' आणि व्हीआयपीमधला 'व्ही', आपण दोन्हीला 'व्ह'च लिहितो. आणि वॉर्ड, वाइन, वॅसलीन, सगळ्याला एकच 'व'. आपल्या तोंडात एकच 'व' आहे हो, ना धड दात टेकवलेला ना धड ओठ गोल केलेला, मधलाच काहीतरी. आजपर्यंत एकाही पेशंटचं, एकाही डॉक्टरचं ह्याच्यामुळे अडलं नाही. आणि नर्सच्या कामात बघाल तर सगळे शब्द नेमके ह्याच अक्षराचे. व्हेन, वूंड, व्हॉमिटिंग, वेट, व्हॉल्व्ह, व्हेंटिलेटर, वॉर्ड. मी काय फक्त बॅंडेजवर बोलू?

जुलै-ऑगस्ट मी ह्या एका गोष्टीच्या मागे घालवले. बाकी काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. ॲपमध्ये उच्चाराचा सराव म्हणून जे आहे त्यात नुसता लाल रंग येतो, तोंड कसं करायचं ते कुठेच सांगत नाही. लाल, लाल, परत लाल. शेवटी आमच्या इन्चार्ज सिस्टर, मल्याळी आहेत, आम्ही चेची, म्हणजे ताई, म्हणतो, त्यांनी ड्रेसिंग ट्रॉलीशी उभं राहून दोन मिनिटांत सांगितलं. 'व्ही' ला वरचे दात खालच्या ओठावर टेकव, गुदगुल्या व्हायला पाहिजेत. 'डब्ल्यू' ला शिट्टी मारल्यासारखे ओठ कर, दात लावायचेच नाहीत. झालं. 3,499 रुपयांच्या ॲपला जे जमलं नाही ते चेचीने फुकटात केलं. मग मी स्टरलायझेशन रूममधल्या आरशासमोर 'व्हेस्ट, वेस्ट, व्हेस्ट, वेस्ट' करत उभी राहायचे, वॉर्डातल्या मावशी विचारायला आल्या की सिस्टर दात दुखतोय का.

इथपर्यंतचं माझं मत एक स्टार होतं.

ऑक्टोबरला पहिला प्रयत्न. मिरजेहून रात्रीच्या एसटीने स्वारगेट, तिथेच स्टँडवर तोंड धुतलं, पासपोर्ट दहा वेळा चाचपला कारण त्याशिवाय आत घेत नाहीत, आणि कॉम्प्युटरवर पेपर. स्पीकिंगला समोर बाई होत्या, कार्ड दिलं, एक मिनिट विचार, दोन मिनिटं बोल. मी वॉर्डातल्या एका आजोबांबद्दल बोलले. व्हीलचेअर दोनदा आली, एकदा दात लागले, एकदा नाही लागले. बाई शांतपणे मान हलवत ऐकत होत्या. त्यांना वासरू वगैरे काही ऐकू आलं नाही.

रिझल्ट: लिसनिंग 7.5, रीडिंग 7, स्पीकिंग 7. ओव्हरऑल पण 7. आणि रायटिंग 6.

6! ज्या रायटिंगची मी काळजीच केली नव्हती, कारण ॲप मला ऑगस्टपासून दर निबंधाला 7, 7.5 देत होतं. आता कळलं ना मला राग कशाचा आला. 'व' वर दोन महिने लाल दिवे दाखवले, जिथे काही बिघडलेलं नव्हतं. आणि जिथे खरंच बिघडलेलं होतं तिथे पेढे वाटत बसलं. घरी येऊन मी एक प्रयोग केला. तोच जुना निबंध, एक स्वल्पविराम न बदलता, परत टाकला, 7 च्या ऐवजी 6.5 आले. तिसऱ्यांदा टाकला, 7.5. मग प्रत्येक वाक्याच्या आधी 'मोरओव्हर', 'फर्दरमोर' चिकटवलं, तर म्हणतं जोडणी उत्तम. रीचेक लावायचा विचार केला, बँड वाढला तर फी परत मिळते, पण मनातून माहीत होतं की 6 बरोबर आहे.

चेचींनी तो निबंध वाचला आणि म्हणाल्या, ''अगं, टाके सगळे वरूनच दिसतायत की. टाके घालायचे ते आतून.'' त्यांनी सांगितलेल्या दोनच गोष्टी लिहिते, कामाच्या आहेत. एक, रायटिंगमधल्या टास्क टू ला, म्हणजे निबंधाला, टास्क वनच्या, म्हणजे ग्राफच्या वर्णनाच्या, दुप्पट वजन असतं, तरी मी ग्राफवरच अर्धा तास घालवत होते. वीस मिनिटं झाली की ग्राफ सोडायचा म्हणजे सोडायचा. दुसरं, प्रश्नात विचारलंय 'कितपत सहमत आहात' आणि मी दोन्ही बाजू सांगून शेवटच्या ओळीत मत देत होते, पाहुण्यांसारखं, जाताना दारात. मत पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. रोज एक निबंध, तो पण वहीवर, केंब्रिजच्या जुन्या पुस्तकांतला प्रश्न घेऊन. पुस्तकं आमच्याच एका सिनियरकडून निम्म्या किमतीत घेतली, उत्तरं पेन्सिलीने लिहिलेली होती ती खोडायलाच एक रविवार गेला.

आणि ह्या सगळ्यात डिसेंबरला ते 3,999 गेले. मी ॲप बंद करायचं ठरवलंच होतं, पण ऑटोपे, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, चालू आहे हे डोक्यातच नव्हतं. जूनमध्ये यूपीआयवर ओके केलं तेव्हा तिथे बारीक अक्षरात 3,999 पर्यंत असं लिहिलेलं होतं, नंतर बघितलं. आदल्या दिवशी सूचनेचा मेसेज पण आलेला, नियमच आहे तो 24 तास आधी पाठवायचा, पण मी नाइटवर, दिवसा झोपलेली. कस्टमर केअर म्हणजे चॅट. 'प्रिय लर्नर' ने सुरुवात. मी तिसऱ्या दिवशी रिफंड मागितला तर म्हणे सात दिवसांत मिळतो पण मधल्या काळात एकही मॉक वापरलेली नसली पाहिजे, आणि तुम्ही एक वापरली आहे. अरे, मला माहीतच नव्हतं की नवीन पैसे कापलेत, मी जुन्याच हिशोबात दिली! त्यावर उत्तर, पुढच्या रिन्यूअलला 500 चं कूपन. हसावं की रडावं. मग 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. तेव्हा कुठे एक माणूस बोलला, मराठीत बोलला, गोड बोलला, आणि पैसे नाही दिले, तीन महिने वाढवून दिले. जे मला नको होते. तुम्ही घेणार असाल तर घेतल्याच्या दिवशीच यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेचा तो मॅंडेट रद्द करा, प्लॅन मुदतीपर्यंत चालतोच.

पैसे गेलेच आहेत तर वापरू म्हणून जानेवारीत परत लिसनिंगला बसले, आणि इथे माझं मत परत थोडं हललं. 'व' चा तो छळवाद मी सहज म्हणून उघडला, तर हिरवा. सलग हिरवा. दात आपोआप लागत होते, लक्ष न देता. म्हणजे ॲप अगदीच खोटं बोलत नव्हतं, फक्त त्याला कुठे किती ओरडायचं ते कळत नाही, नवीन लागलेल्या इंटर्नसारखं.

जानेवारीअखेर दुसरा प्रयत्न. परत सतरा हजारांच्या वर, परत स्वारगेट. एनएमसीला 12 महिन्यांच्या आतले दोन रिझल्ट जोडून चालतात, पण दोन्ही वेळेला चारही पेपर द्यावेच लागतात. रायटिंग 6.5 आलं! लिसनिंग 7, स्पीकिंग 7.5. आणि रीडिंग घसरून 6.5. ऑक्टोबरचं 7 नसतं तर मी आज हे लिहायला जिवंत नसते. ओव्हरऑल परत 7, जोडून काम झालं.

लिसनिंगला पाच स्टार, रायटिंगच्या तपासणीला शून्य, कस्टमर केअरला त्याहून कमी काही असेल तर ते.

उरलेले महिने वाया जाऊ नयेत म्हणून लॉगिन मावसबहिणीला दिलंय, ती जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाला आहे. काल रात्री तिचा स्क्रीनशॉट आला, खाली लिहिलेलं, ताई, हे मला विचारतंय वासराच्या खुर्चीवर पेशंट कशाला बसवता.