पॉवरग्लाइड काढून काय बसवायचं? गोव्यातल्या रस्त्यांचा हिशेब

साठच्या दशकातली शेव्हरोले इंपाला, 283 घन इंचाचं व्ही-8 इंजिन आणि मूळचा दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणजे पॉवरग्लाइड. अशी गाडी दारात असली की सल्ला देणारे शंभर भेटतात: ओव्हरड्राइव्हवाला (वरच्या गिअरात इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा) ऑटोमॅटिक टाक, हायवेला इंजिन शांत पळेल. सल्ला खोटा नाही, फक्त गोव्यासाठी नाही.

आकडेच बघा. मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर 3.36, टायर 27 इंची, तर ताशी 80 ला थेट (1.00 च्या) गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण 2,080 फेऱ्यांवर असतं. 700आर4 या ओव्हरड्राइव्हवाल्या गिअरबॉक्सचा चौथा गिअर 0.70 चा, म्हणजे तोच वेग 1,450 वर. इतक्या खाली इंजिन कण्हायला लागतं आणि जरा चढ आला की गिअर पुन्हा तिसऱ्यात. झुआरीचा नवा पूल आणि मोपाकडचा रस्ता सोडला, तर 80 च्या वर सलग पळायला मिळतं कुठं? पर्वरीच्या गर्दीत तर चौथा लागणारच नाही.

मग बदलायचंच कशाला? पहिल्या गिअरसाठी. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त. पॉवरग्लाइडचा पहिला 1.82 चा (काहींत 1.76), त्यानंतर थेट 1.00. चोर्ला घाटात पुढे लोडेड ट्रक असला की 'लो'मध्ये गाडी बोंबलते आणि 'ड्राइव्ह'मध्ये तिचा दम जातो. मधलं काही नाहीच. 700आर4 चा पहिला 3.06 चा, 200-4आर या दुसऱ्या ओव्हरड्राइव्हवाल्या गिअरबॉक्सचा 2.74 चा. दोन्हींनी चढ सोपा होतो. 700आर4 मध्ये पहिल्यावरून दुसऱ्यावर (1.63) जाताना फेऱ्या एकदम निम्म्यावर येतात, ते जाणवतं.

बसवायला 200-4आर सोपा, कारण लांबी पॉवरग्लाइडच्या जवळपास. 700आर4 तीनेक इंच लांब. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो, आणि 1964 पर्यंतच्या इंपालात तो दोन तुकड्यांचा, मधे बेअरिंग. सुट्या भागांच्या बाबतीत मात्र 700आर4 ची बाजू वरचढ.

दोघांची दुखरी नस एकच: टीव्ही केबल. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह, घरातल्या टीव्हीशी हिचा संबंध नाही. ती कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाते आणि आतल्या तेलाचा दाब ठरवते. ती सैल राहिली की दाब कमी पडतो आणि क्लच घसरून जळतात. माझ्या एका मित्राच्या गाडीत गॅरेजवाल्यानं ती अंदाजानं लावली होती. तिसऱ्याच दिवशी डिपस्टिक काढली तर लालभडक तेल चहासारखं तपकिरी, आणि वास जळक्या पापडाचा.

म्हणून मी तिसरं नाव सुचवतो: टर्बो 350 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तीन गिअर, 2.52, 1.52 आणि 1.00. ओव्हरड्राइव्ह नाही, टीव्ही केबल नाही, फक्त किकडाउनची केबल (पेडल पूर्ण दाबलं की खालचा गिअर लावणारी) आणि व्हॅक्यूमची नळी. आखूड शेपटाचा मिळाला तर शाफ्ट आणि क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी) बहुधा मूळचेच चालतात. गाडी म्हापसा ते मडगाव एवढीच फिरणार असेल तर हाच. वर्षातून चारदा पुण्याला जाणार असाल तर 200-4आर, आणि सोबत तेलाचा वेगळा कूलर. 700आर4 मी तरी शाफ्टचं काम चोख करणारा लेथवाला जवळ असल्याशिवाय घेणार नाही. कुठलाही बसवा, स्टिअरिंगवरची पी-आर-एन-डी-एल ची, म्हणजे कुठला गिअर लागलाय ते दाखवणारी पट्टी त्याच्याशी जुळत नाही. पट्टी बदला, नाहीतर सुई एक दाखवेल आणि गिअर दुसराच असेल.

कागदांचंही बघा. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नव्यानं नोंदणी केली तर 'व्हीए' नंबर मिळतो, पण चासिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसतील तरच, आणि ती गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही. पण क्रॉसमेंबर बसवायला चासिसवर ग्राइंडर चालला, तर प्रश्न उभा राहतो.

आणि काढलेला पॉवरग्लाइड भंगारात देऊ नका. आत तेल राहू द्या, सगळी तोंडं बंद करा, जमिनीपासून वर ठेवा. इथला एकच पावसाळा त्याला गंजवायला पुरेसा आहे.