मुलाला पाठीवर घ्यायची बॅग: साताऱ्याच्या एका उन्हाळ्यानंतर

जानेवारीच्या शेवटी घेतलेली ही बॅग आता जूनमध्ये माळ्यावर जायच्या बेतात आहे, म्हणून लिहून टाकते. ट्रेकिंगच्या सॅकसारखी, अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची, आत मुलाला बसवून पाठीवर घ्यायची बॅग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या प्रकारच्या बहुतेक बॅगांची घडण सारखीच असते आणि मला जे सांगायचंय ते घडणीबद्दल आहे. किंमत दहा हजारांच्या आतबाहेर. रिकामी बॅगच तीन किलोच्या आसपास भरते, आणि मूल, सामान, बॅग सगळं मिळून २२ किलोच्या वर जाऊ देऊ नका असं आतल्या पट्टीवर छापलंय.

घरात दोन मुलं. थोरली आता पहिलीला, धाकटा पावणेदोन वर्षांचा. थोरलीच्या वेळी आम्ही कडेवरच भागवलं. धाकटा मात्र वजनदार, आणि दोघांना एकदम सांभाळायचं तर एक हात मोकळा हवाच.

साताऱ्यात राहणाऱ्याला उन्हाळ्यात कुठे जायचं हा प्रश्न नसतो, कधी जायचं हा असतो. अजिंक्यतारा डोक्यावर, यवतेश्वर समोर, सज्जनगड अर्ध्या तासावर. पण एप्रिल लागला की साडेनऊनंतर जांभ्या दगडावर पाय ठेववत नाही. म्हणजे हातात असतात सकाळचे तीनेक तास. त्या तीन तासांत छोटं मूल स्वतःच्या पायांनी जितकं चालतं ते जाताना चालतं. येताना ते बसकण मारतं. ही बॅग त्या परतीसाठी आहे. जाताना रिकामी बॅग पाठीवर, त्यात पाणी, टोप्या, खाऊ, आणि पोरगं पुढे दुडूदुडू. उतरताना तोच आत. असं वापरलं तर मूलही खूश राहतं, कारण त्याला बांधून घातल्यासारखं वाटत नाही. घरातून निघतानाच बसवलं, तर अर्ध्या तासात पाठीत लाथा सुरू होतात आणि केस ओढले जातात. माझी वेणी त्याच्या हाताला बरोबर लागते, त्यामुळे आता अंबाडाच.

आता बसवण्याबद्दल, कारण सगळा खेळ तिथेच आहे. वजन खांद्यांवर येता कामा नये, कमरेच्या हाडांवर यायला हवं. आधी कमरेचा पट्टा आवळायचा, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. हे दुकानातला मुलगाही सांगतो. तो सांगत नाही ते असं, की सलवारीच्या नाडीची गाठ नेमकी कमरपट्ट्याखाली येते आणि चढावर ती पोटात रुतते. इलॅस्टिकची पँट किंवा लेगिंग घाला. साडीवर तर विसराच, पट्टा निऱ्यांवर बसतो आणि चालताना त्या सुटायला लागतात. मंगळसूत्र छातीच्या पट्ट्यात अडकतं, शिवाय मागून ओढायला एक खेळणं मिळतं ते वेगळंच. मी ते घरी काढून ठेवते म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. मग सज्जनगडाला त्या सोबत आल्या, नातू मंगळसूत्राशी काय करतो ते त्यांनी पाहिलं आणि विषय मिटला.

पाठीची लांबी कमीजास्त करता येते, ही मोठी सोय. नवरा सहा फुटांच्या जवळ, मी पाच फूट एक इंच. पण दर वेळी बदलायला मुलाला खाली उतरवावं लागतं. म्हणून चढताना एकानं आणि उतरताना दुसऱ्यानं घ्यायचं हे आधीच ठरवून निघा. मध्येच 'घे जरा तू' म्हणून अदलाबदल होत नाही.

एकटीनं पाठीवर घेणं जमतं, पण जमिनीवरून नाही. बॅगेला खाली उभं राहायला एक पाय दिलाय. तो सपाट फरशीवर ठीक, गडाच्या वाटेवर नाही. मूल आत असताना त्या पायाच्या भरवशावर बॅग सोडून दोन पावलंसुद्धा लांब जाऊ नका. मूल पुढे झुकलं की अख्खा सांगाडा कलंडतो. देवळाचा पार, कट्टा, गाडीची डिकी अशी कमरेएवढी उंची शोधायची आणि तिथून पाठीवर घ्यायचं.

उंचीचं आणखी एक. बॅगेत बसलेल्या मुलाचं डोकं तुमच्या डोक्याच्या बरोबरीनं किंवा वर असतं, हे पहिले काही दिवस लक्षातच राहत नाही. देवळाचा ठेंगणा दरवाजा, गडाच्या दाराची दिंडी, वाटेवरची बोरीची फांदी, सगळीकडे आपण वाकतो आणि मूल तिथेच असतं. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. नमस्काराचंही तेच. सज्जनगडावर समर्थांच्या समाधीपुढे डोकं टेकवायला गेलात तर पोरगं डोक्यावरून पुढे येईल. आतले पट्टे धरून ठेवतात हे खरं, पण ते घाबरतं. मंदिरात जाताना सरळ काढून कडेवर घ्या. तसंही गर्दीत त्या सांगाड्याचे कोपरे मागच्या माणसाला लागतात.

सज्जनगड या बॅगेसाठी उत्तम जागा. गाडी बरीच वर जाते, मग पायऱ्या. पायऱ्या म्हटलं की बाबागाडी बाद. वर भरपूर वारा, खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसतं, आणि दुपारच्या महाप्रसादाला थांबलात तर जेवणाचीही चिंता नाही. एकच लक्षात ठेवा, तिथे माकडं आहेत. मूल तुमच्या पाठीमागे बसून बिस्किट खातंय, तुम्हाला ते दिसत नाही, माकडाला बरोबर दिसतं. बॅगेत बसल्यावर हातात खायचं काही द्यायचंच नाही, असा नियम आम्ही केला. मागचं दिसावं म्हणून पट्ट्याला लावायचा छोटा आरसा बॅगेसोबत आला होता. तो मला दिखाऊ वाटला होता, पण सर्वांत जास्त वापरला गेला तो तोच. झोपलाय का, टोपी पडलीय का, तोंडात काय आहे, सगळं कळतं.

अजिंक्यताऱ्यावर मात्र मी बॅग क्वचित नेते. सकाळी सहाला फिरायला येणाऱ्यांची ती रोजची वाट, डांबरी रस्ता जवळजवळ दरवाजापर्यंत, चढही मुलांना झेपणारा. थोरलीला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे १७०८ मध्ये झाला हे सांगायचं तर श्वास शिल्लक असावा लागतो, आणि पाठीवर पंधरा किलो असताना तो नसतो. वर मंगळाईच्या देवळापर्यंत धाकटा स्वतःच चालतो.

उन्हाळ्यात माझी सर्वांत आवडती जागा लिंबची बारा मोटांची विहीर. साताऱ्याहून पुणे बाजूला, महामार्ग सोडून आत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली ही विहीर नुसती विहीर नाही, पाण्यावर बांधलेला लहानसा महालच आहे. पायऱ्या उतरून आत गेलं की बाहेरचा मे महिना बाहेरच राहतो. मुलांना मोटेचं पाणी कसं वर यायचं ते दाखवता येतं. पण ही विहीर आहे, खोल आहे, त्यामुळे इथे धाकटा पूर्ण वेळ बॅगेत आणि थोरलीचा हात नवऱ्याच्या हातात. फक्त आतल्या कमानींखाली डोकी सांभाळा. दोन्ही.

पाटेश्वरलाही तसंच. देगावच्या बाजूनं वर गाडी लावली की पुढे झाडीतून चालत जायचं. सावली असल्यामुळे मेमध्येही सकाळ सुखाची जाते, आणि तिथली शिवलिंगं मोजायचा खेळ थोरलीला तासभर पुरतो. वाईजवळच्या मेणवलीला बॅग गाडीतच राहिली. घाटाच्या पायऱ्या, चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेली ती मोठी घंटा, कृष्णेचं उथळ पाणी. तिथे मुलांना बांधून ठेवायचं कारणच नाही. पाचगणीच्या टेबललँडवरही नको, तिथे सपाटच सपाट आहे.

कासच्या रस्त्याला एप्रिल-मेमध्ये फुलं नसतात, पण करवंदं असतात. २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलेलं पठार बघायला पाहुणे ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, आम्ही जाळ्या शोधत मेमध्ये जातो. करवंदाच्या जाळीजवळ बॅगेतलं मूल नेऊ नका, काटे बरोबर त्याच्या हातापायांच्या उंचीला येतात. दुसरं, करवंदाचा चीक. खांद्याच्या पट्ट्यावर पडलेले डाग अजून तसेच आहेत. बॅग मशीनमध्ये धुता येत नाही. ओल्या फडक्यानं पुसायची, फार तर साबणाचं पाणी, आणि सावलीत वाळवायची. चौकोनी, टिकाऊ, न धुता येणारी वस्तू लहान मुलांसाठी कोण बनवतं, हा प्रश्न मला अजून पडतो.

उष्णतेबद्दल सविस्तर लिहिते, कारण विकणारे यावर बोलत नाहीत. चालणारे तुम्ही, घाम तुम्हाला. मूल नुसतं बसलेलं. त्यामुळे आपल्या अंगावरून मुलाचा अंदाज घेऊ नये. पहाटेच्या वाऱ्यात तुम्ही घामाघूम असता आणि त्याचे पाय गार पडलेले असतात. नऊनंतर उलटं होतं. वरच्या छत्रीमुळे डोक्यावर सावली राहते, पण पिंडऱ्या उघड्या उन्हात आणि पोट आपल्या तापलेल्या पाठीशी. पातळ सुती पायजमा घालायचा, मानेला हात लावून बघत राहायचं, दर थोड्या वेळानं थांबून पाणी द्यायचं. छातीशी लागणारा बॅगेचा तुकडा सिंथेटिक आहे, त्यावर धाकट्याला घामोळं आलं. मग सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा तुकडा त्यावर शिवून घेतला. रोज धुता येतो. सबंध बॅगेतली सर्वांत चांगली गोष्ट आता तीच आहे.

पाय लोंबकळू देऊ नका. मांड्यांखाली पट्ट्याची कड येते आणि पायांना मुंग्या येतात. पाय टेकवायला जे फास दिलेत ते मुलाच्या उंचीप्रमाणे दर महिन्या-दोन महिन्यांनी वर-खाली करावे लागतात. आणि मूल आधाराशिवाय नीट बसायला लागल्याशिवाय या प्रकारची बॅग घ्यायचीच नाही. जावेनं विचारलं होतं चार महिन्यांच्या बाळासाठी, तिला नाही म्हटलं.

दुचाकीचा विषय निघतोच, कारण साताऱ्यात अर्ध्या सहली स्कूटरवर होतात. या बॅगेत मूल घालून दुचाकीवर बसू नका. ही गाडीवरची सीट नाही. चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राचा २०२२ चा नियम वेगळा हार्नेस सांगतो, चालवणाऱ्याला जोडलेला. नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. चारचाकीतही बॅग डिकीत, मूल त्याच्या सीटवर. एसटीत बॅग वरच्या रॅकवर मावत नाही, मांडीवर घेऊन बसावी लागते.

दोन प्रसंगांत चटकन कसं निघायचं ते घरीच ठरवून ठेवा. एक, गडांच्या कड्यांवर आग्यामोहळं असतात. कुणी खाली धूर केला, दगड मारला की पळापळ. अशा वेळी मूल पाठीवर ठेवूनच चालायला लागायचं, बकल सोडत बसायचं नाही, अंगावर ओढणी घ्यायची. दुसरं, वळीव. मेमधली दुपार, चाळकेवाडीसारखं पवनचक्क्यांचं मोकळं पठार, आणि जावळीच्या बाजूनं काळं आलेलं. तिथे सर्वांत उंच आपणच असतो, त्यातही पाठीवरचं मूल. गडगडाट ऐकू आला की फोटो राहू देत, गाडीत बसा.

आता तक्रार. मार्चमध्ये छातीच्या पट्ट्याचं बकल तडकलं. वॉरंटी वर्षाची. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी फोटो मागवले, बिल मागवलं, मग पुन्हा फोटो मागवले, आणि शेवटी 'पार्ट उपलब्ध नाही' असा निरोप आला. पोवई नाक्याच्या बाजूला सॅका दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी दुसरं बकल शिवून दिलं, किरकोळ पैशांत, दहा मिनिटांत. 'ताई, कंपनीच्यापेक्षा जाड लावलंय,' म्हणाले. आहेच जाड. पण मुलाला आत पाच ठिकाणी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचं बकल तुटलं तर मात्र बाहेर शिवून घेऊ नका. त्याच्यावर मुलाचा जीव असतो, तिथे मूळ भागच हवा. घेण्याआधीच दुकानदाराला विचारा की सुटे भाग मिळतात का. तो अडखळला तर दुसरी बघा.

लोक काय म्हणतात याचीही तयारी ठेवा. 'पोराला असं टांगून कुठं निघालीस गं?' हे हमखास. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर एका आजींनी तर बॅगेचे सगळे पट्टे ओढून बघितले, मग म्हणाल्या, 'आम्ही भांगलायला जाताना लुगड्यात बांधायचो, त्याला पैसं पडायचं नाहीत.' बरोबरच आहे. लुगड्याला सावलीची छत्री आणि बाटलीचा कप्पा नसतो, एवढंच मी म्हणू शकले.

पैसे वसूल झाले का? वर्षाला दोन-तीनदा फिरणाऱ्यांचे होणार नाहीत. त्यांनी ओळखीत कुणाकडे असेल तर आणावी. आमचे झाले, कारण शनिवार-रविवार पहाटे निघायची सवय आम्हाला आधीपासून आहे. बॅगेनं आम्हाला नव्या जागा दाखवल्या नाहीत, त्याच जागांवर थोरलीसाठी थांबायला वेळ दिला. वासोट्यासारखं काही मात्र हिच्या जोरावर करू नये. बामणोलीहून बोट, वनखात्याची परवानगी, मग जंगलातला लांब चढ. पावणेदोन वर्षांच्या मुलाचा त्यात काही आनंद नाही.

पाऊस लागला की कातळ निसरडा होतो, पाठीवर मूल घेऊन घसरण्यात शहाणपणा नाही, म्हणून आता ऑक्टोबरपर्यंत बंद. तोवर धाकटा बाराच्या पुढे तेरा किलोकडे जाईल आणि माझी कमर नाही म्हणेल. जावेचं बाळ आता बसायला लागलंय. बॅग दिवाळीत तिच्याकडे कराडला जाणार आहे, नऊवारीचा तुकडा आणि काकांचं जाड बकल यांसकट. आरसा मी ठेवून घेणार होते, पण तोही देते.