५६ अंड्यांचं घरगुती उबवणी यंत्र: शुद्ध जातींसाठी घ्या, पडद्यावरचा आकडा मात्र तपासा

घरी कडकनाथ किंवा असील राखणाऱ्यांनी हे यंत्र जरूर घ्यावं. खुडूक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसते, तीही तिच्या मर्जीने. यात आठवडाभर साठवलेली अंडी एकदम लावता येतात. दर दोन तासांनी ती आपोआप फिरतात, आणि झाकण पारदर्शक असल्यामुळे पिल्लू कवच फोडताना पोरांना बघता येतं.

तापमानाचा आकडा मात्र सर्रास चुकतो. पंख्याच्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश हवेत, अर्धा-एक अंश चढला तरी पिल्लं विसाव्या दिवशीच, बेंबी उघडी घेऊन निघतात. अंड्याएवढी पाण्याची पिशवी बारा तास ट्रेमध्ये ठेवा, काढल्या काढल्या ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर तिच्यात बुडवा. फरक दिसला तर बहुतेक मॉडेलांत सेट बटण दाबून धरल्यावर पडद्यावर येणाऱ्या 'सीए' (CA) या पर्यायात तेवढी दुरुस्ती करता येते. मगच अंडी लावा.

कडकनाथचं अंडं लहान. कप्प्यात सैल बसतं, ट्रे सरकतो पण अंडं लोळत नाही, आणि गर्भ कवचाला चिकटतो. पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. फुली सतत वरच दिसली तर कप्प्यात पुठ्ठ्याची पट्टी घाला.

ओलावा पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के, नंतर ६५ ते ७०. कोकणात पावसाळ्यात सुरुवातीला तळाच्या पाण्याच्या पन्हळी कोरड्याच ठेवा, विदर्भात एप्रिल-मेमध्ये दोन्ही भरा. अठराव्या दिवशी फिरवणी बंद करून कप्पे काढा, आणि मग झाकण उघडू नका. पहिलं भोक पाडल्यावर पिल्लू बारा-बारा तास थांबतं, ते नेहमीचंच आहे. मदत करायला झाकण उघडलं की आतलं पातळ पापुद्र्यासारखं आवरण सुकून पिसांना घट्ट चिकटतं, आणि पिल्लू तिथेच अडकतं.

बॅटरीची सोय नसलेलं मॉडेल घेऊ नका. वीज गेली तर वरून गोधडी टाका. तास-दोन तास निभावतं.

आणि वनराजा, गिरीराज यांची अंडी यात लावू नका. संकरित जातीची पुढची पिढी एकसारखी निघत नाही: कुणी लवकर वाढतं, कुणी खुरटतं, अंड्यांचं प्रमाणही घसरतं. त्यांची एक दिवसाची पिल्लं अधिकृत केंद्रातूनच आणा. शुद्ध कडकनाथसाठी परका कोंबडा काढल्यावर किमान तीन आठवडे थांबून मगच अंडी गोळा करा, कारण त्याचं बीज कोंबडीच्या पोटात तेवढे दिवस टिकतं. पिल्लाच्या काळ्या रंगावर जाऊ नका; कडकनाथ कोंबडा आणि गावरान कोंबडी यांची बरीच पिल्लंही काळीच दिसतात.