किलोमीटरला 76 रुपये, पेट्रोल वेगळं

गाडी 2008 ची. जर्मन, दोन सीटची, बटण दाबलं की पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत जाणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही. पंधरा वर्षं उलटली की या सगळ्या एकाच माळेचे मणी. पुण्यात सहकारनगरला माझा दातांचा दवाखाना आहे. 2022 मध्ये पन्नाशीची स्वतःला भेट म्हणून 13,50,000 ला घेतली. तीन वर्षांत 7,400 किलोमीटर झाले, आणि सगळा हिशेब वहीत आहे.

रंग चकाचक, मीटरवर फक्त 41,000. त्या आकड्यावरच मी भाळले. वरून पांढरा दिसणारा दात आतून पोकळ असू शकतो, हे मी रोज पेशंटना सांगते आणि एक्स-रे काढायला लावते. गाडी मात्र लिफ्टवर चढवून न बघताच घेतली. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं, हे नंतर कळलं. टायरना खाच भरपूर होती, पण कडेला कोरलेले शेवटचे चार आकडे होते 2213, म्हणजे 2013 चा बाविसावा आठवडा. नऊ वर्षांचं ते रबर पहिल्याच पावसात सातारा रस्त्यावर घसरलं. चार टायर, 92,000.

मग छप्पर. दवाखान्यासमोर अर्ध्यावर अडकलं, ना उघडं ना बंद, आणि वरून सर आली. समोरच्या सोसायटीतले दोन काका छत्री घेऊन आले, पण छत्री गाडीवर न धरता सल्ले देत उभे राहिले. काचेच्या भिंतींच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये छप्पर हलवणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचा अख्खा संच बदलायचे 3,80,000 सांगितले, वर पार्ट यायला दोन महिने. शेवटी भोसरीच्या एका गॅरेजवाल्या दादांकडे गेले. त्यांनी सिलिंडर सोडवून हातात दिला. ‘‘मॅडम, याला काही झालेलं नाही. आतलं सील कडक झालंय, तिथून तेल गळतंय.’’ चार दिवस, 46,000. जुनं सील डबीत घालून परत दिलं, बिलावर प्रत्येक ओळ वेगळी. पाच तारे द्यायचे तर मी गाडीला नाही, त्यांना देईन. असा माणूस आधी शोधा, मग गाडी.

गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर 38,000. सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, आणि ब्रेक मिळून 1,12,500. यात पुण्याच्या गतिरोधकांचा वाटा मोठा. काही मी तिरकी गाडी घालून पार करते, तरी पोट घासतंच. पार्किंगमधल्या उंदरांनी वायरिंग कुरतडलं, 27,500. तीन सर्व्हिसिंग 90,000, तीन वर्षांचा विमा 1,14,000, तोही झिरो डेप्रिसिएशनशिवाय, म्हणजे बदललेल्या पार्टच्या भरपाईतून घसारा कापला जाणार, कारण एवढ्या जुन्या गाडीला तो कुणी दिलाच नाही.

2023 मध्ये पंधरा वर्षं भरली. संगम पुलाजवळच्या आरटीओत समजलं की इथे बनलेल्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाला 5,000 आणि आयात केलेलीला 40,000. माझी आयात केलेली. एप्रिल 2022 पासूनचे दर. वहीतली एकच नोंद मी हसत लिहिली: नवी नंबरप्लेट, 879 रुपये 10 पैसे.

गाडीची किंमत आणि पेट्रोल सोडून बेरीज 5,60,879. किलोमीटरला 76 रुपये. पुण्यात रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरनंतर 17 रुपयांनी पळतं आणि मी त्यावर कुरकुर करत आले आहे.

आता चालवायला कशी? डिसेंबरात पहाटे सहाला, छप्पर उघडं, जुना कात्रज घाट. स्टिअरिंग हाताशी बोलतं. बोगद्यात काच खाली असो वा वर, एक्झॉस्टचा आवाज छातीत बसतो. खेड शिवापूरला मिसळ, नऊच्या आत घरी. नंतर स्वारगेटला बसच्या धुरात उघड्या गाडीत बसून बघा, सगळी रया जाते. असे रविवार वर्षात फार तर पंधरा मिळतात.

परवा दादांनी बॉनेट उघडून इंधनाच्या नळ्या दाबून पाहिल्या. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी हे रबर बनलेलंच नाही, म्हणाले. मी किंमत विचारली. ते म्हणाले, ‘‘आधी चहा घ्या.’’