जाम झालेला बोल्ट: तेल, लांब पाना, इम्पॅक्ट की आच?

वर्षानुवर्षे हात न लागलेला बोल्ट सोडवायची वेळ आली की घरी गाडीचे काम करणाऱ्यापुढे साधारण चार मार्ग असतात: झिरपणारे तेल मारून थांबणे, लांब दांड्याने जोर लावणे, इम्पॅक्ट पान्याने ठोके देणे आणि आच देऊन सैल करणे. यांपैकी सर्वांत ताकदवान कोणता, असा प्रश्न बहुतेक जण विचारतात, पण माझ्या मते निवड त्यावर करूच नये. आधी पाहायचे ते हे, की महाग काय आहे: बोल्ट, की तो ज्यात बसला आहे तो भाग. सायलेन्सरच्या क्लॅम्पचा बोल्ट तुटला तर उलट काम लवकर आटोपते, कारण नवा बोल्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मात्र ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) स्टड, म्हणजे डोके नसलेला बोल्ट, तुटून राहिला किंवा आतले आटे मेले, तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागते आणि एका दुपारचे काम आठवड्यावर जाते.

मार्ग कोणताही निवडला तरी दिशेचा निर्णय त्याच्या आधी व्हायला हवा, कारण उलट दिशेने लावलेला जोर जाम बोल्टला आणखी घट्ट करतो किंवा तोडतो.

गाडीतले जवळजवळ सगळे आटे सुलटे असतात, म्हणजे डोक्याकडे तोंड करून पाहिले असता बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की घट्ट होतो आणि विरुद्ध फिरवला की सुटतो. हा नियम सर्वांना ठाऊक असतो. घोटाळा होतो तो डोक्याकडे आपले तोंड नसते तेव्हा. गाडीखाली उताणे पडून, पलीकडून डोके असलेल्या बोल्टला अंदाजाने हात घालून पाना लावला, की आपल्याला दिसणारी दिशा नेमकी उलटी असते. दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेच्या चुंबकीय क्षेत्रासाठी शिकवला जाणारा उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम इथे जसाच्या तसा उपयोगी पडतो: बोल्ट किंवा नट ज्या बाजूला बाहेर यायला हवा त्या बाजूला उजव्या हाताचा अंगठा धरावा, म्हणजे वळलेली बोटे फिरवण्याची दिशा दाखवतात. आटे उलटे असतील तर हेच डाव्या हाताने करावे.

आटे उलटे आहेत का, हे नटाबाहेर डोकावणाऱ्या बोल्टच्या टोकावरून कळते. तारेच्या ब्रशने ते टोक साफ करून बोल्ट मनाशी उभा धरावा; आट्यांच्या रेषा उजवीकडे चढत असतील तर आटे सुलटे आणि डावीकडे चढत असतील तर उलटे. बोल्ट वरचा खाली केला तरी हा चढ बदलत नाही, त्यामुळे गाडीखालून पाहतानाही ही खूण फसवत नाही. उलट्या आट्यांच्या काही नटांच्या कडांवर खाचा पाडलेल्या असतात. गॅस वेल्डिंगच्या संचात ॲसिटिलीनच्या बाजूचे नट असे असतात, आणि ऑक्सिजनच्या बाजूचे साधे, सुलट्या आट्यांचे. घरात पाहायचेच असेल तर टेबलफॅनच्या पात्यापुढची टोपी बहुधा उलट्या आट्यांची असते, म्हणजे पाते फिरताना ती सैल होत नाही.

गाड्यांमध्ये उलटे आटे भेटतात ते मोजक्या जागी. जुन्या जीपसारख्या गाड्यांत टाय रॉडच्या (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या) एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात, जेणेकरून मधली नळी फिरवली की दोन्ही टोके एकदम जवळ किंवा दूर जातात. 1960 च्या दशकातल्या क्रायस्लर कंपनीच्या अनेक मोटारींच्या, तसेच जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. चाक फिरताना नटावर येणारा सरकता भार डाव्या बाजूचा सुलटा नट हळूहळू सैल करतो, अशी त्यामागची धारणा होती. शंकूच्या आकाराची बैठक आणि पुरेसा टॉर्क (पिळण्याचा जोर) यांनी ती गरज उरली नाही. आज आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या मारुती, ह्युंदाई किंवा टाटाच्या नेहमीच्या मोटारीच्या चारही चाकांचे नट सुलटेच असतात. तेव्हा अशा गाडीचा नट हलत नसेल तर तो जाम आहे असेच समजावे आणि ‘कदाचित उलटे आटे असतील’ म्हणून दुसरीकडे जोर लावून पाहू नये. इंजिनाच्या फिरण्यावरूनही अंदाज बांधू नये: होंडाची अनेक जुनी इंजिने इतरांच्या उलट दिशेने फिरतात, तरी त्यांच्या क्रँक पुलीचा (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाचा) बोल्ट सुलट्या आट्यांचाच असतो.

तेल आणि लांब पाना

पहिले दोन मार्ग एकत्र पाहावेत, कारण बहुतेक जण घाईने दुसरा धरतात आणि पहिल्याला पुरेसा वेळ देत नाहीत. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांमधली फट ठासून भरतो. तेल हा गंज विरघळवत नाही. ते बारीक फटींतून आत ओढले जाते आणि घर्षण कमी करते. त्याला वाट हवी आणि वेळ हवा. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे घासावेत, तेल मारावे, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ आणि मध्यम ठोके द्यावेत, थोड्या वेळाने पुन्हा तेल मारावे आणि शक्य असेल तर रात्रभर थांबावे. डब्ल्यूडी-40 च्या नेहमीच्या डब्याकडून इथे फार अपेक्षा ठेवू नये. तो 1953 साली बनला तो पाणी दूर सारण्यासाठी, आणि जाम आट्यांसाठी तीच कंपनी वेगळे तेल विकते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे घेऊन केलेले मिश्रण चांगले काम देते, मात्र ते दर वेळी हलवून घ्यावे लागते, रंग उडवते आणि चटकन पेट घेते.

लांब दांड्याच्या बाजूने बोलायचे तर तो स्वस्त आहे, विजेवाचून चालतो आणि हाताला खरी जाणीव देतो. दोष एवढाच की तो माणसाला आपण किती जोर लावतो आहोत हे विसरायला लावतो. नेहमीच्या 8.8 दर्जाच्या (हा मजबुतीचा आकडा) 6 मिमी बोल्टला घट्ट करायला सुमारे 10 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, 8 मिमीला 25, 10 मिमीला 50 आणि 12 मिमीला 85. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला 10 न्यूटन-मीटरसाठी जेमतेम दोन किलोचा दाब पुरतो, आणि 85 साठी सुमारे सतरा किलोचा. म्हणजे चाकाच्या नटाला योग्य असलेला दांडा टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) बोल्टला लावणे हे तोडण्याचेच काम आहे. पाना सहा कोनांचा गोटी (सॉकेट) पाना असावा, निदान रिंग पाना असावा. फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्याने जाम बोल्टचे कोपरे झिजतात, आणि एकदा डोके गोल झाले की चारही मार्ग अवघड होतात.

दांडा ओढताना हाताला काय लागते, याकडे सगळे लक्ष असावे. चांगला सुटणारा बोल्ट आधी अजिबात हलत नाही, मग ‘कट्’ असा आवाज करून थोडा सरकतो आणि पुढे करकरत फिरतो. आवाज न करता, ओढलेल्या रबरासारखा मऊ हलणारा बोल्ट मात्र सुटत नसतो. तो मध्येच पिळला जात असतो. तिथे हात थांबवावा, किंचित घट्ट करावा, तेल मारावे आणि पुढे-मागे थोडे थोडे हलवत बाहेर काढावा. आणखी एक फसवे लक्षण सस्पेन्शनमध्ये दिसते, विशेषतः मुंबई किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेत वावरलेल्या गाड्यांत. लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) लांब बोल्टचा नट सहज निघतो, बोल्टही पाव वळसा फिरतो, पण पाना सोडला की परत जागेवर येतो. इथे आटे जाम नसतात. बोल्टची दांडी बुशच्या (सांध्यातल्या रबरी गादीच्या) आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेली असते आणि परत ओढते ते बुशचे रबर. तेल नळीच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही आणि लांब दांडा फक्त रबर फाडतो. बुश बदलायचाच असेल तर कापून काढणे हाच तिथला शहाणपणा आहे.

इम्पॅक्ट आणि आच

इम्पॅक्ट पाना सतत पीळ देत नाही. तो क्षणाक्षणाला छोटे तडाखे देतो, त्यामुळे गंजाची पकड तुटते आणि बोल्टच्या दांडीवर दीर्घ ताण येत नाही. चाकाचे नट, सस्पेन्शनचे जाड बोल्ट, क्रँक पुली या कामांसाठी लांब दांड्यापेक्षा मी इम्पॅक्टच पसंत करीन, कारण जॅकवर उचललेल्या गाडीला मीटरभर दांड्याने हिसके देणे घोडीवरून (खाली लावलेल्या टेकूवरून) गाडी घसरण्याचे कारण ठरू शकते. चाकाचे नट हाताने सोडायचे असतील तर चाक जमिनीवर असतानाच ते सैल करून घ्यावेत. बॅटरीवरच्या इम्पॅक्टला काही हजार रुपये लागतात आणि त्याच्यासाठी काळ्या, जाड गोट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. चकचकीत क्रोमच्या गोट्या तडाख्याने फुटू शकतात. मात्र ब्रेकच्या ब्लीडर निपलला (ब्रेकमधली हवा काढायच्या छोट्या स्क्रूला), स्पार्क प्लगला किंवा 6 मिमीच्या कोणत्याही बोल्टला तो लावू नये. निपल आतून पोकळ असतो आणि काही कळायच्या आत तुटतो. डिस्कवरच्या चौफुली स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर स्वस्त आणि जास्त भरवशाचा आहे.

आच हा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे आणि सर्वांत कमी ठिकाणी वापरण्याजोगा. लोखंडी बोल्टवर लोखंडी नट असेल तर आच नटाला द्यावी, म्हणजे तो फुगून गंज फोडतो. ॲल्युमिनियम तेवढ्याच उष्णतेने लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून ॲल्युमिनियममधल्या लोखंडी बोल्टभोवतीचा भाग बेताने तापवला तरी छिद्र मोकळे होते. तो लाल होईल म्हणून वाट पाहू नये, कारण ॲल्युमिनियम लाल न होताच वितळते. लाल लॉकटाइट (आटे पक्के धरून ठेवणारा चिकट पदार्थ) लावलेल्या बोल्टबाबत तर तुलनाच नाही: तेल तिथे निरुपयोगी आहे, आणि सुमारे 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की चिकट पदार्थ मऊ होऊन बोल्ट गरम असतानाच निघतो.

पण पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, रबरी बुश, बेअरिंग, एबीएसचा सेन्सर किंवा एअरबॅग जवळ असेल तर ज्योत पेटवूच नये. आधी मारलेले तेल पुसून घ्यावे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी आच दिली तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो, आणि उघड्या हवेत काम करतो आहोत म्हणून हा धोका हलका मानू नये. लाल होईपर्यंत तापवलेल्या 10.9 दर्जाच्या बोल्टची मजबुती गेलेली असते, म्हणून तो पुन्हा न लावता नवा घ्यावा. ज्याच्याकडे आचेचा सराव नाही त्याने हा एक मार्ग गॅरेजवाल्याकडेच सोपवावा, असे मी स्पष्टच सांगेन.

चाकाच्या नटापुढे माझा क्रम इम्पॅक्ट, नसल्यास लांब दांडा, असा असेल. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) स्टडला रात्रभर तेल आणि मग आच. हेडमधल्या कोणत्याही बारीक बोल्टला तेल, वेळ आणि आखूड पाना, बाकी काही नाही. सायलेन्सरच्या गंजक्या क्लॅम्पला सरळ ग्राइंडर. बोल्ट तरीही तुटलाच आणि बाहेर थोडी दांडी उरली असेल, तर तिच्यावर नवा नट वेल्ड करून तो फिरवणे सर्वांत सोपे, कारण वेल्डची आच आणि नवी पकड एकाच वेळी मिळतात. पृष्ठभागाच्या आत तुटला असेल तर नेमक्या मध्यावर पंच मारून उलट्या धारेचे ड्रिल वापरावे. ते सोडवायच्याच दिशेने फिरत असल्याने कित्येकदा भोक पूर्ण होण्याआधीच तुकडा त्याच्याबरोबर बाहेर येतो.