सेस्ना 172एस: शिकाऊ वैमानिकाच्या नजरेतून

बारामती, शिरपूरसारख्या छोट्या धावपट्टीवर उड्डाण शिकायला गेलात, की सेस्ना 172 हाती पडण्याची शक्यता मोठी. त्यातलं 172एस हे 180 अश्वशक्तीचं, फ्युएल इंजेक्शनचं मॉडेल. हवेत हे विमान फार सांभाळून घेतं. पंख वर असल्याने खालचे रस्ते, ओढे मोकळे दिसतात. स्टॉल (पंखांची उचल अचानक घटणं) येण्याआधी हॉर्न वाजतो आणि नाक खाली केलं की विमान लगेच सावरतं. कस लागतो तो जमिनीवर, त्यातही आपल्या उन्हाळ्यात.

पहिली कटकट गरम इंजिनाची. सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) मारून इंजिन बंद केलं, की काउलिंगखाली (इंजिनावरच्या आवरणाखाली) कोंडलेल्या उष्णतेने बारीक नळ्यांतल्या इंधनाची वाफ होते. वीस मिनिटांनी पुन्हा सुरू करताना बरेच जण सकाळसारखंच प्राइम करतात, म्हणजे आधीच थोडं इंधन आत सोडतात, आणि इंजिन फ्लड होतं, म्हणजे त्यात इंधन जास्त होतं. गरम इंजिनाला प्राइम करायचं नाही. थ्रॉटल (ताकदीचा दांडा) पाव इंच उघडा, मिक्स्चर (हवा-इंधनाचं प्रमाण ठरवणारा दांडा) आयडल कट-ऑफला, म्हणजे इंधन बंद, ठेवा, स्टार्टर द्या आणि इंजिनाने पकड घेताच मिक्स्चर रिच (जास्त इंधनाचं) करा. फ्लड झालंच असेल, तर मिक्स्चर कट-ऑफलाच ठेवून थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे उघडा. इंजिन पेटलं की मिक्स्चर पुढे आणि थ्रॉटल झटकन मागे. स्टार्टर सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये वीस सेकंद थांबा.

उन्हाचा दुसरा फटका ताकदीवर. धावपट्टी 2,000 फूट उंचीवर आणि पारा 40 अंशांवर असेल, तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, 5,500 फुटांच्या आसपास जाते. धाव लांबते, चढण मंदावते. कमाल वजन 1,157 किलो आणि भरलेल्या टाक्यांतलं वापरण्याजोगं 53 गॅलन इंधनच साधारण 144 किलोचं. म्हणून आसनं चार असली, तरी दुपारी दोघांनीच उडावं. सकाळचा स्लॉट मिळत असेल तर तो सोडू नये.

प्रीफ्लाइटला (उड्डाणापूर्वीच्या तपासणीत) बघायचे इंधनाचे ड्रेन (नमुना काढायच्या झडपा) तेरा आहेत: दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन. पावसाळ्यात झाकणाच्या जुन्या सीलमधून टाकीत पाणी उतरतं, म्हणून एकही ड्रेन चुकवू नका. 100एलएल (शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल) निळसर दिसायला हवं. पाणी असेल तर ते कपाच्या तळाशी वेगळं बसतं. रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीत) 1,800 आरपीएमवर दोन्ही मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) एकेक करून तपासताना आरपीएमची घट 150 च्या आत हवी आणि दोन्हींतला फरक 50 च्या आत. टॅक्सी करताना मिक्स्चर रिचच ठेवलं, तर स्पार्क प्लगवर शिसं साचतं आणि ही घट वाढते. त्यामुळे जमिनीवर मिक्स्चर लीन (कमी इंधनाचं) करायची सवय लावाच.

पूर्ण फ्लॅपवर (पंखामागच्या झडपा पूर्ण खाली) फायनलला (उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात) वेग 60 ते 70 नॉट. वेग जास्त राहिला की विमान तरंगत राहतं, शिकणारा घाईने नाक दाबतो आणि पुढचं चाक आधी टेकतं. मग उसळी, पुन्हा उसळी. प्रोपेलरचं टोक आणि फायरवॉल (इंजिनामागची भिंत) इथेच खराब होतात. उसळीच्या मागे योक (सुकाणू) मागेपुढे करू नका. पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप 20 अंशांवर आणि सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.

शेवटी आसन. ते रुळावर सरकतं आणि रूळ झिजलेला असला तर टेकऑफला मागे घसरू शकतं. बसल्यावर पायाने रेटा द्या, खिट्टी भोकात बसल्याचा आवाज ऐका आणि मगच पट्टा आवळा.